रॉक्नीची पोरं

नूट रॉक्नी हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. अमेरिकेत मात्र शंभर वर्षांपूर्वी ते घराघरात माहीत होतं. हा माणूस ना राजकारणी होता, ना नट. तो एका कॅथलिक कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कोच होता. 1918 ते 1930 या तेरा हंगामांत त्याच्या पोरांनी 105 सामने जिंकले, 12 हरले आणि 5 बरोबरीत सोडवले. हे आकडे मोठेच आहेत. पण मला रॉक्नीची गोष्ट सांगावीशी वाटली ती आकड्यांसाठी नाही, तर 1924 च्या एका हंगामासाठी आणि त्या हंगामानंतर त्याच्या स्वतःच्या आयुष्यात जे घडलं त्यासाठी.

आधी एक खुलासा करून टाकते. गोव्यात काय किंवा बेळगावात काय, फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पायानं मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा. त्यातला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं, समोरच्या अकरा जणांनी अंगावर झेप घेऊन पाडायचं, आणि पुन्हा उठून पुढे सरकायचं. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलात तर चेंडू तुमच्याकडे राहतो, नाहीतर समोरच्यांना मिळतो. 1906 पर्यंत चेंडू हातानं पुढे फेकायलासुद्धा बंदी होती. त्यामुळे हा खेळ बराचसा आडदांडांच्या रेटारेटीचा होता. त्याला वेगळं वळण देणाऱ्यांत रॉक्नी होता.

तो जन्मानं अमेरिकन नव्हता. 4 मार्च 1888 रोजी नॉर्वेतल्या व्हॉस या गावी त्याचा जन्म झाला. वडील घोडागाड्या बनवायचे. 1893 साली शिकागोत जागतिक मेळा भरला, ज्याच्या निमित्तानं झालेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले तोच मेळा. त्या मेळ्यात आपली गाडी मांडायला वडील अमेरिकेत गेले आणि मग त्यांनी बायको-मुलांनाही तिकडे बोलावून घेतलं. नूट तेव्हा पाच वर्षांचा होता. घरचा धर्म लुथेरन, घरची भाषा नॉर्वेजियन, आणि गल्लीत आयरिश आणि स्वीडिश पोरं. खेळ तो त्या गल्लीतच शिकला.

शाळा संपल्यावर लगेच कॉलेजला जाण्याइतके पैसे नव्हते. त्यानं शिकागोच्या टपाल खात्यात नोकरी धरली आणि काही वर्षं पत्रं वर्गवारीनं लावत पैसे साठवले. 1910 मध्ये तो इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहराजवळच्या नोत्र दाम विद्यापीठात दाखल झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. वर्गातल्या पोरांपेक्षा चार वर्षांनी मोठा, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले, आणि सगळ्या कॅथलिकांत हा एक प्रॉटेस्टंट.

नोत्र दामची स्थापना 1842 मध्ये होली क्रॉस संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी केली होती. रॉक्नीच्या काळात तिथे येणारी बरीचशी पोरं आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन घरांतली होती. बाप गिरणीत, खाणीत नाहीतर रेल्वेत. त्या वेळच्या अमेरिकेत कॅथलिक असणं म्हणजे जरा संशयाचीच गोष्ट होती. ही माणसं पोपची, देशाची नव्हेत, असं उघड बोललं जायचं. शेजारच्या मिशिगन विद्यापीठानं 1910 चा सामना ऐनवेळी रद्द केला. कारण दिलं खेळाडूंच्या पात्रतेचं, पण त्यानंतर 1942 पर्यंत ते नोत्र दामशी खेळलेच नाहीत. आसपासच्या मोठ्या विद्यापीठांच्या संघटनेतही नोत्र दामला जागा मिळाली नाही. जवळचे खेळेनात म्हणून नोत्र दाम लांबच्यांशी खेळायला लागलं. त्यांची टीम इतकी रेल्वेत असायची की वर्तमानपत्रं त्यांना भटके म्हणायची.

अशाच एका लांबच्या सामन्यानं रॉक्नीचं नाव पहिल्यांदा गाजलं. 1913 च्या उन्हाळ्यात तो आणि त्याचा मित्र गस डोरे ओहायोमधल्या सीडर पॉइंट इथे तलावाकाठी उन्हाळी कामाला होते. मोकळ्या वेळात दोघांनी वाळूत एकच सराव केला. डोरेनं चेंडू लांब फेकायचा आणि रॉक्नीनं पळता पळता झेलायचा. नियमानं फेकायला परवानगी मिळून सात वर्षं झाली होती, पण त्याचा नेमानं वापर करणारे थोडेच होते. 1 नोव्हेंबरला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीविरुद्ध हीच युक्ती वापरून नोत्र दामनं 35-13 असा सामना मारला. कुणी फारशी दखल न घेतलेलं कॉलेज एका दिवसात माहीत झालं.

1914 मध्ये फार्मसीची पदवी घेऊन रॉक्नी तिथेच राहिला. फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या हाताखाली तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करायचा. हे तेच न्यूलँड, ज्यांच्या संशोधनातून पुढे कृत्रिम रबर तयार झालं. संध्याकाळी तो मैदानावर सहायक कोच असायचा. 1918 मध्ये मुख्य कोच झाला तरी त्याची प्रयोगशाळेतली सवय सुटली नाही. प्रत्येक चाल तो भागांत तोडून बघायचा. कुणाचं पाऊल किती इंचांवर पडतं, चेंडू सुटण्याआधी कोण किती हलतं, याचा हिशोब मांडायचा. त्याच्या मागच्या फळीचे चार खेळाडू चेंडू सुटायच्या आधी एका ठेक्यात जागा बदलत. आपल्याकडे लेझीमच्या पथकात पावलं एकदम पडतात ना, तसं. समोरच्यांना कळायच्या आत हल्ल्याची दिशा बदललेली असायची. पुढे नियम करणाऱ्यांनी या ठेक्याला लगाम घालण्यासाठी मुद्दाम थांबण्याची सक्ती आणली.

त्याच्यात नाटक्याही भरपूर होता. विद्यार्थी असताना तो बासरी वाजवायचा, नाटकात कामं करायचा, आणि हा गुण कोच झाल्यावर ड्रेसिंग रूममध्ये उपयोगी पडला. 1922 मध्ये जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्याआधी त्यानं पोरांना गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की माझा धाकटा बिली दवाखान्यात आहे आणि तुम्ही जिंकावं अशी त्याची इच्छा आहे. पोरं जीव तोडून खेळली आणि जिंकली. गाडी साउथ बेंडला परतली तर बिली ठणठणीत, स्टेशनवर स्वागताला हजर! खेळाडूंनी ही गोष्ट म्हातारे होईपर्यंत हसत हसत सांगितली. म्हणजे रॉक्नी खरं बोलण्याच्या बाबतीत काही संत नव्हता.

आता 1924. त्या वर्षीचे नायक खरं तर दोन वर्षं आधीपासून घडत होते. क्वार्टरबॅक हॅरी स्टुलड्रेअर, हाफबॅक जिम क्राउली आणि डॉन मिलर, फुलबॅक एल्मर लेडन. चौघंही अंगानं लहानखुरे. स्टुलड्रेअर तर दीडशे पौंडांच्या आसपास, म्हणजे सत्तर किलोसुद्धा नाही. 1922 आणि 1923 मध्ये ही टीम प्रत्येकी एकदाच हरली, आणि दोन्ही वेळा नेब्रास्काकडून.

पण त्या वर्षीची पहिली झुंज मैदानावर झालीच नाही. 1920 नंतरच्या काळात कू क्लक्स क्लॅन ही पांढऱ्या टोप-अंगरख्यांची संघटना उत्तरेतही फोफावली होती. काळे लोक, ज्यू, परदेशातून आलेले आणि कॅथलिक, सगळे त्यांचे शत्रू. एकट्या इंडियानात त्यांचे सभासद लाखांच्या घरात होते. 17 मे 1924 ला त्यांनी साउथ बेंडमध्ये मेळावा ठरवला. नोत्र दामची पोरं शहरात शिरली आणि रस्त्यात भेटेल त्या क्लॅनवाल्याचे टोप आणि अंगरखे ओढून काढू लागली. पोरांना विजय झाल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा चकमक झाली, आणि या वेळी पोरांनी मार खाल्ला. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी रात्री पोरांना परत वसतिगृहांत जायला लावलं.

दगडानं उत्तर देणं सोपं होतं, आणि समोरच्यांना तेच हवं होतं. कॅथलिक म्हणजे गुंड, हे सिद्ध करायला त्यांना आयतं निमित्त मिळालं असतं. शरद ऋतूत हंगाम सुरू झाला तेव्हा ही सगळी धग हवेत होतीच. रॉक्नीची टीम आता गावोगाव जाणार होती, आणि लोक नुसता खेळ नव्हे तर ही पोरं कशी वागतात तेही बघणार होते.

पहिले दोन सामने घरच्या मैदानावर झाले. लोम्बार्डवर 40-0, वॉबॅशवर 34-0. 18 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर लष्कराची टीम समोर होती आणि पन्नास हजारांवर प्रेक्षक. कॅप्टन आणि सेंटर ॲडम वॉल्श दोन्ही हात मोडलेले असताना खेळत राहिला. नोत्र दाम 13-7 नं जिंकलं. दुसऱ्या दिवशी क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी आपल्या बातमीत मागच्या फळीच्या चौघांना बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या चार घोडेस्वारांची उपमा दिली. रॉक्नीचं प्रसिद्धीचं काम बघणारा विद्यार्थी हुशार निघाला. टीम परतल्यावर त्यानं चौघांना खऱ्याखुऱ्या घोड्यांवर बसवून फोटो काढून घेतला. तो फोटो देशभर छापून आला आणि चौघं कायमचे घोडेस्वार झाले.

पुढच्या फळीतले सात जण मात्र मागेच राहिले. धक्के खायचे यांनी आणि फोटो त्यांचे! मग या सातांना खेचरं असं नाव पडलं. असा किस्सा सांगतात की घोडेस्वार महत्त्वाचे की खेचरं यावर टीममध्ये मतदान झालं आणि खेचरं सात विरुद्ध चार मतांनी निवडून आली. रॉक्नीला स्वतःला हा विनोद आवडण्यासारखाच होता, कारण चौघांच्या डोक्यात हवा गेलेली त्याला परवडणार नव्हती. त्याची एक रीतही या कामी यायची. बऱ्याच सामन्यांत तो सुरुवातीला दुसऱ्या फळीची टीमच उतरवायचा. ती समोरच्यांना दमवायची, आणि मग घोडेस्वार ताज्या दमानं मैदानात यायचे. त्यामुळे टीममधल्या शेवटच्या पोरालाही माहीत असायचं की जिंकण्यात आपला वाटा आहे.

प्रिन्स्टनला जाऊन 12-0. घरी जॉर्जिया टेकवर 34-3. तीनच दिवसांनी, 4 नोव्हेंबरला, इंडियानाची निवडणूक झाली आणि क्लॅनचा पाठिंबा असलेले एड जॅक्सन राज्यपाल म्हणून निवडून आले. म्हणजे सामने जिंकल्यानं माणसांची मनं बदलली असं काही झालं नाही. कुणी तसं सांगत असेल तर ती भाबडी गोष्ट आहे. त्याच आठवड्याच्या शेवटी पोरं विस्कॉन्सिनला गेली आणि 38-3 नं जिंकून आली. मग नेब्रास्का. दोन वर्षांचा हिशोब 34-6 असा चुकता केला. शिकागोत नॉर्थवेस्टर्ननं दमवलं, तिथे 13-6. शेवटी कार्नेगी टेक 40-19. नऊ सामने, नऊ विजय, 258 गुण मिळवले आणि 44 दिले.

मग आलं रोझ बाउलचं आमंत्रण, कॅलिफोर्नियात पॅसाडेनाला, स्टॅनफर्डविरुद्ध. रॉक्नीनं दक्षिणेकडून वळसा घालून जाणारी रेल्वे धरली, पोरांना उष्ण हवेची सवय व्हावी म्हणून. वाटेत न्यू ऑर्लिन्स, ह्यूस्टन अशा गावांत तिथले कॅथलिक त्यांना बघायला जमायचे. ज्यांनी नोत्र दाम कधी पाहिलंही नव्हतं, ज्यांची मुलं कॉलेजात जाण्याची शक्यता नव्हती, अशी कामकरी माणसं. वर्षभर ज्यांनी आपल्याविषयी वाईटसाईट ऐकलं होतं त्यांना ही सूट घातलेली, नीट वागणारी, सकाळी मिस्सेला जाणारी पोरं आपली वाटली. मला या हंगामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. विरोधकांचं मत बदललं नसेल, पण घरच्यांची मान ताठ झाली.

1 जानेवारी 1925 चा सामना सोपा नव्हता. स्टॅनफर्डचा अर्नी नेव्हर्स दुखऱ्या पायांनी सामना ओढत होता आणि त्यांच्या टीमनं नोत्र दामपेक्षा जास्त यार्ड मिळवले. पण एल्मर लेडननं त्यांचे दोन पास मध्येच झेलले आणि दोन्ही वेळा सत्तर-अठ्ठ्याहत्तर यार्ड पळत जाऊन गुण केले. 27-10. त्यानंतर विद्यापीठानं असे हंगामाबाहेरचे सामने खेळायचं बंद केलं, ते थेट 1970 पर्यंत. एवढ्या लांबच्या प्रवासात अभ्यास बुडतो, हे त्यामागचं एक कारण होतं.

या सगळ्या काळात रॉक्नी लुथेरनच होता. त्याची मुलं कॅथलिक म्हणून वाढत होती, मित्र धर्मगुरू होते, पण त्याला कुणी आग्रह केला नाही. त्याच्या नावानं पुढे एक आठवण सांगितली जायची. पूर्वेकडच्या एका मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्री त्याला झोप लागेना. पहाटे तो हॉटेलच्या दिवाणखान्यात येऊन बसला. थोड्या वेळानं त्याची पोरं एकेक करून, अर्धवट झोपेत, घाईघाईनं बाहेर पडताना दिसली. ती मिस्सेला निघाली होती. कम्युनियन घ्यायचं तर त्या काळी मध्यरात्रीपासून उपास असे. सामन्याच्या दिवशीसुद्धा झोप आणि न्याहारी बाजूला ठेवून पोरं जात होती. विद्यापीठात धर्मजीवनाची जबाबदारी सांभाळणारे फादर जॉन ओहारा, जे पुढे कार्डिनल झाले, त्यांनी रोजच्या कम्युनियनची ही सवय टीममध्ये रुजवली होती.

वर्षानुवर्षं पोरांना पहाटे उठवणाऱ्या माणसाला ही पोरं कुणीही न सांगता उठताना दिसली. 20 नोव्हेंबर 1925 ला, सदतिसाव्या वर्षी, विद्यापीठातल्या लाकडी ओंडक्यांच्या जुन्या चॅपलमध्ये रॉक्नीनं कॅथलिक धर्म स्वीकारला. पहिलं कम्युनियन त्यानं आपल्या मुलाच्या बरोबरीनं घेतलं. शिकवणारा आणि शिकणारा या जागा किती सहज बदलू शकतात!

यानंतर तो निर्दोष झाला असं मात्र नाही. 1926 मध्ये टीम अजिंक्य असताना त्याला वाटलं, कार्नेगी टेकचा सामना काय, सहायक बघून घेईल. तो स्वतः शिकागोला लष्कर विरुद्ध नौदल सामना बघायला गेला. इकडे पोरं 19-0 नं हरली. 1928 चा हंगाम सगळ्यात वाईट गेला, चार सामने हातचे गेले. त्याच वर्षी लष्कराविरुद्ध त्यानं जॉर्ज गिपची गोष्ट काढली. गिप हा त्याचा लाडका खेळाडू, 1920 च्या डिसेंबरमध्ये घशाच्या संसर्गानं पंचविसाव्या वर्षी गेलेला. मरताना त्यानं टीमसाठी एक शेवटची इच्छा सांगितली होती, असं रॉक्नीनं आठ वर्षांनी पोरांना सांगितलं. ते ऐकणारा दुसरा साक्षीदार नाही, आणि बिलीची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला शंका येणारच. पोरं तो सामना 12-6 नं जिंकली. 1940 च्या सिनेमात गिपचं काम रोनाल्ड रेगन यांनी केलं, आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते नाव त्यांना चिकटून राहिलं.

1929 मध्ये नवं स्टेडियम बांधायला घेतल्यामुळे घरचं मैदानच नव्हतं. नऊच्या नऊ सामने बाहेर. त्यात रॉक्नीच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली. डॉक्टरांनी हालचाल बंद केली तर तो चाकाच्या खुर्चीतून मैदानावर आला. टीम एकही सामना हरली नाही. 1930 मध्ये स्टेडियम उघडलं आणि पुन्हा दहाच्या दहा जिंकले.

31 मार्च 1931 ला तो कॅन्सस सिटीहून विमानानं लॉस एंजेलिसला निघाला होता, सिनेमाच्या कामासाठी. त्याची दोन मुलं कॅन्सस सिटीतल्या शाळेत होती, पण त्यांची भेट होऊ शकली नाही. कॅन्ससमधल्या बझार या खेड्याजवळ विमानाचा पंख तुटला आणि आतले आठही जण गेले. पंख लाकडी होता आणि आत ओल शिरून त्याचे चिकटवलेले सांधे सुटले होते. बाहेरून बघून ते कळणं शक्य नव्हतं. या अपघातानंतर विमानांची तपासणी कडक झाली, लाकडी पंख मागे पडले, आणि विमान कंपन्या पूर्ण धातूच्या विमानांकडे वळल्या. त्याच वाटेवर पुढे डीसी-3 आलं, आपल्याकडे डाकोटा म्हणून ओळखलं जाणारं.

4 एप्रिल 1931 ला, पवित्र शनिवारी, नोत्र दामच्या सेक्रेड हार्ट चर्चमध्ये अंत्यविधी झाला. नॉर्वेच्या राजानं आपला प्रतिनिधी पाठवला होता. रेडिओवरून देशभर लोक ऐकत होते. रॉक्नी त्रेचाळीस वर्षांचा होता. चर्चमधून त्याला बाहेर नेलं ते आदल्याच हंगामात त्याच्या हाताखाली खेळलेल्या सहा पोरांनी, खांदा देऊन.